सूक्ष्मनियंत्रकासाठी चित्ररूप आज्ञालेखन : साधनाची निवड

पनवेलहून मुंब्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नावडे हे गाव लागते. गावाला लागूनच तळोज्याचे औद्योगिक क्षेत्र आहे. गावातील व आसपासच्या वसाहतींतील अनेक मुलांचे वडील, काका वा मोठे भाऊ या कारखान्यांत कामास जातात. अशा कारखान्यात पंप, झडपा व मिश्रणाच्या टाक्या यांच्याजवळ भिंतीला लावलेले पत्र्याचे कपाट असते. त्यात तारांच्या जुडग्यांमध्ये एक लहानसा नियंत्रक बसविलेला असतो. कामगार त्यास पीएलसी म्हणतात. टाकी भरली की पंप थांबविणे, उष्णता वाढली की झडप उघडणे, धोका झाला की भोंगा वाजविणे, ही कामे तो करतो. त्याला आज्ञा कशा दिल्या जातात हे मात्र गावातील शाळेत फारसे कोणी सांगत नाही. वस्तुतः त्या आज्ञा पुष्कळदा अक्षरांत लिहिलेल्या नसून चित्रात काढलेल्या असतात.

त्या चित्रास शिडी-आकृती म्हणता येईल. डावीकडे व उजवीकडे एकेक उभी रेघ आणि त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या रेघा, असे त्याचे रूप असते. प्रत्येक पायरीवर डाव्या बाजूस अटी व उजव्या बाजूस कृती. ‘खटका दाबला आहे’ आणि ‘टाकी भरलेली नाही’ या दोन अटी एकाच पायरीवर एकापुढे एक काढल्या व शेवटी ‘पंप’ काढला, की दोन्ही अटी पुऱ्या झाल्याशिवाय पंप चालत नाही. ही पद्धत जन्मास आली त्याचे कारण शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स या मोटार-कारखान्याने तारा व रिले यांनी भरलेल्या मोठमोठ्या फळ्यांऐवजी आज्ञा बदलता येईल असा नियंत्रक हवा, अशी मागणी केली. मोटारीचा नमुना बदलला की साऱ्या तारा पुन्हा जोडाव्या लागत, हा त्या मागणीमागचा त्रास होता. रिचर्ड मॉर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मोडिकॉन’ हा नियंत्रक तयार केला. कारखान्यातील वीजतंत्री संगणकाची भाषा जाणत नव्हते. रिलेच्या जोडणीचे नकाशे मात्र ते रोज वाचीत. म्हणून नव्या यंत्रास आज्ञा देण्यासाठी तोच नकाशा घेतला गेला. माणसाला जे चित्र आधीच वाचता येत होते, ते यंत्राच्या भाषेत आणले गेले. पुढे १९९३ साली आंतरराष्ट्रीय मानकात अशा नियंत्रकांसाठी पाच लेखनपद्धती निश्चित झाल्या. त्यांपैकी तीन चित्ररूप होत्या.

चित्रांनी आज्ञा लिहिणे हा केवळ बालवर्गातील खेळ आहे, असा एक समज शिक्षकवर्गात आढळतो. तो खरा नाही, हे एवढ्यावरून दिसून येईल. तथापि कारखान्यातील साधन जसेच्या तसे शाळेत आणावे असाही याचा अर्थ नव्हे. ते महाग असते, आणि मुलांना रिलेचा नकाशा वाचता येत नाही. मुलांना जे वाचता येते त्याच्या जवळचे साधन शोधावे लागते.

यंत्राविषयी प्रथम थोडे. संगणकाच्या पोटात गणिते करणारा जो भाग असतो त्यास सूक्ष्मप्रक्रियक म्हणतात. त्याच तुकड्यावर आज्ञा साठविण्याची जागा, थोडी स्मृती आणि बाहेरच्या तारा जोडण्याच्या टोकांची सोय एकत्र केली, की तो सूक्ष्मनियंत्रक होतो. बाजारात त्यास मायक्रोकंट्रोलर म्हणतात. कपडे धुण्याच्या यंत्रात, विजेच्या नव्या मीटरमध्ये तो असतो. शाळांमध्ये जे बोर्ड दिसतात त्यांत अर्डुइनो उनो हा फार प्रचलित आहे. २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी अर्डुइनोचा आरंभ झाला. उनोवरील सूक्ष्मनियंत्रकात आज्ञा साठविण्यास ३२ किलोबाइट आणि काम करताना वापरावयाची स्मृती अवघी २ किलोबाइट असते. दुसरा बोर्ड मायक्रोबिट. २०१६ साली ब्रिटनमध्ये बीबीसीच्या पुढाकाराने सुमारे १० लाख मायक्रोबिट अकरा-बारा वर्षांच्या मुलांना विनामूल्य देण्यात आले. त्यावर २५ बारीक दिवे, दोन बटणे आणि हालचाल, दिशा, प्रकाश व उष्णता मोजण्याची सोय अंगचीच असते. एकही तार न जोडता पहिला पाठ घेता येतो. प्राथमिक शाळेच्या दृष्टीने ही सोय लहान नाही. त्यावरचे उष्णतामापन मात्र तुकड्याच्या स्वतःच्या उष्णतेवरून होते. त्यामुळे वर्गातील हवेचे तापमान म्हणून तो आकडा सरळ फळ्यावर लिहू नये.

आता प्रश्न निवडीचा. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी केंद्र सरकारकडून निवडलेल्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. परंतु ती योजना इयत्ता सहावीपासून पुढे आहे. लहान प्राथमिक शाळेकडे अशी रक्कम नसते. तिच्याकडे एखाद्या कारखान्याने सामाजिक दायित्वाच्या निधीतून दिलेली पेटी येते, किंवा शिक्षक पदरमोड करून एखाददुसरा बोर्ड आणतात. म्हणूनच चूक परवडत नाही. पहिल्या महिन्यात दिवा लुकलुकतो, मुले टाळ्या वाजवितात. दुसऱ्या महिन्यात काहीतरी अडते. तिसऱ्या महिन्यात पेटी कपाटात जाते आणि ‘हे आपल्या मुलांचे काम नव्हे’ असा शेरा पडतो. हा शेरा मुलांवर अन्याय करणारा आहे. पुष्कळदा चूक बोर्डाची नसते, मुलांची तर नसतेच. आज्ञा लिहिण्याचे साधन कामास न जुळणारे असते.

साधने बाहेरून सारखी दिसतात. बहुतेकांत रंगीत ठोकळे असतात. एका ठोकळ्याची खाच दुसऱ्यात बसते. न जुळणारे ठोकळे एकमेकांस चिकटतच नाहीत, त्यामुळे स्वल्पविराम वा कंस विसरल्याची चूक संभवत नाही. ठोकळ्यांची ही रीत २००७ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून प्रसिद्ध झालेल्या स्क्रॅचमुळे जगभर पोहोचली. त्यामागे १९६७ साली सीमोर पेपर्ट व सहकाऱ्यांनी मुलांसाठी रचलेल्या लोगो या भाषेची परंपरा आहे. पण एक गोष्ट विसरता कामा नये. स्क्रॅच हे मूळ पडद्यावरील गोष्टी व खेळ रचण्यासाठी झाले, भिंतीवर लावावयाच्या नियंत्रकासाठी नव्हे. पुढच्या पुष्कळ अडचणी यातूनच निघतात.

शाळेच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीचे उदाहरण घ्यावे. पंप चालू राहतो, टाकी भरून वाहते, पाणी वाया जाते. सहावी-सातवीतील मुलांनी ठरविले की टाकी भरली म्हणजे भोंगा वाजला पाहिजे. टाकीत वरच्या अंगास तरंगता खटका बसविला, त्याच्या तारा बोर्डास जोडल्या, बोर्डास एक लहान भोंगा लावला. ठोकळ्यांनी लिहिले : सतत पाहा, खटका बंद झाला तर भोंगा वाजव, नाहीतर गप्प ठेव. संगणकावर प्रयोग उत्तम चालला. शाळा सुटली, शिक्षकांनी संगणक बंद केला, तार काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी वाहिली, भोंगा वाजला नाही. मुलांना वाटले तार तुटली. तार शाबूत होती. आज्ञा बोर्डात गेलीच नव्हती. ती संगणकातच होती. खटक्याची खबर तारेने संगणकाकडे जाई, संगणक विचार करी आणि ‘वाजव’ हा निरोप परत पाठवी. बोर्ड हा केवळ निरोप्या होता.

साधन निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा : तार काढल्यावर आज्ञा कोठे राहते? बार्सिलोनाजवळील सिटीलॅब या संस्थेत तयार झालेले एस-फोर-ए हे साधन संगणकाशी जोडलेले असेपर्यंतच अर्डुइनो चालविते. एमब्लॉक या चिनी साधनात व पिक्टोब्लॉक्स या भारतीय साधनात दोन्ही रीती आहेत. एका रीतीत संगणक बोर्डास हाताशी धरून चालवितो, दुसरीत आज्ञावली बोर्डात भरली जाते. रीत बदलण्याचा खटका पडद्यावर असतो; तो नजरेतून सुटला की वरील टाकीचा प्रसंग घडतो. मायक्रोबिटसाठी असलेल्या मेककोडमध्ये हा घोटाळा सहसा होत नाही. तेथे आज्ञावलीची एक फाइल तयार होते, ती बोर्डात उतरविली जाते आणि दोन लहान सेलांवर बोर्ड आपला आपण चालतो.

संगणकाशी जोडून चालविण्याची रीत टाकाऊ आहे असे मात्र समजू नये. बोर्डावरचे बटण दाबले की पडद्यावरची मांजर उडी मारते. गोल खुंटी फिरविली की चित्राचा रंग बदलतो. कारण आणि परिणाम यांची गाठ चौथीच्या मुलाच्या मनात बसविण्यास यासारखे दुसरे साधन नाही, कारण ठोकळा बदलताच फळ दिसते. पहिले चार पाठ या रीतीने घ्यावेत आणि टाकीचे काम काढले की दुसऱ्या रीतीकडे वळावे. मायक्रोब्लॉक्स या साधनात दोन्हींचा मेळ घातलेला आहे. ठोकळा बदलताच बोर्ड लगेच तसे वागू लागतो, आणि तार काढली तरी आज्ञा बोर्डातच राहते. ते मायक्रोबिट वा ईएसपी३२ यांसारख्या ३२ बिटी बोर्डांसाठी आहे. अर्डुइनो उनोची २ किलोबाइट स्मृती त्यास पुरत नाही. ज्या शाळेत उनो आधीच आलेला आहे तिला हा मार्ग बंद आहे. यावरून असे ठरते की बोर्ड आधी घेऊन साधन मागाहून शोधण्यापेक्षा दोहोंचा विचार एकदमच करावा.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे, आणि ती पुस्तकांत फारशी सांगितलेली नसते. स्क्रॅचमध्ये मूल दोन वेगळ्या ठोकळ्यांच्या माळा रचते व दोन्ही एकाच वेळी चालतात. एक माळ मांजर चालविते, दुसरी गाणे वाजविते. मुलाची समजूत होते की यंत्र एकाच वेळी पुष्कळ कामे करते. हीच आज्ञावली अर्डुइनोत भरावयाची वेळ आली की ठोकळ्यांचे अक्षरी भाषेत रूपांतर होते आणि सामान्यतः एकच माळ उरते. ती वरून खाली जाते, पुन्हा वर येते. तीत ‘१० सेकंद थांब’ असा ठोकळा असला तर ते १० सेकंद बोर्ड काहीच पाहत नाही. दिवा दहा सेकंद पेटत ठेवला आणि त्याच वेळी टाकी भरली, तर भोंगा उशिरा वाजतो. त्या काळात बटण दाबून सोडले तर ते दाबलेच नव्हते असे होते. मेककोडमध्ये ‘थांब’ असताना इतर घटनांकडे लक्ष ठेवण्याची सोय केलेली आहे. म्हणून तोच धडा एका साधनात बरोबर चालतो व दुसऱ्यात फसतो. शिक्षकाने हे आधी करून पाहिले नसेल तर वर्गात मुलाची चूक नसताना त्यास चूक म्हटले जाते.

तिसरी गोष्ट आकड्यांची. ठोकळ्यावर संख्येसाठी एक रिकामी चौकट असते. तीत केवढी संख्या मावते हे चौकट सांगत नाही. उनोवर साधी पूर्णांक संख्या ३२७६७ पर्यंतच जाते; त्यात एक मिळविला की ती ऋण ३२७६८ होते. काही साधने ठोकळ्याचे रूपांतर करताना हीच साधी पूर्णांक संख्या वापरतात, काही मोठी वापरतात. समजा, मुलांनी दर सेकंदास एक मिळविणारा मोजक सकाळी ७ वाजता सुरू केला. ३२७६७ सेकंद म्हणजे ९ तास ६ मिनिटे व ७ सेकंद. दुपारी ४ वाजून ६ मिनिटे होऊन गेली की मोजक उलटा भलताच आकडा दाखवील. सातवीच्या गणितात ऋण संख्या शिकविल्या जातात, त्या तासाला असा मोजक टेबलावर ठेवण्यास हरकत नाही.

ठोकळ्यांशेजारी त्याच आज्ञेचे अक्षरी रूप दाखविणारे साधन मिळाले तर उत्तम. मेककोडमध्ये एक कळ दाबली की ठोकळ्यांची जावास्क्रिप्ट वा पायथन भाषा होते. टिंकरकॅडच्या विद्युत्-मंडल विभागात ठोकळे व अक्षरे शेजारी शेजारी ठेवता येतात आणि बोर्ड विकत न घेताही पडद्यावर मंडल जोडून पाहता येते. त्यास मात्र इंटरनेट लागते. मेककोडमध्येही पडद्यावर बोर्डाचे चित्र असते व आज्ञा त्यावर चालून दिसते. तीस मुले व एक बोर्ड अशी स्थिती असलेल्या शाळेत याचे मोल फार आहे. मुले गटागटाने चित्रावर आज्ञा तपासतात, आणि ज्या गटाची आज्ञा चालली त्याने ती खऱ्या बोर्डात भरावी. लहान मुलांना अक्षरी रूप वाचता यावे अशी अपेक्षा नाही. पडदा उचलून आत काय आहे हे पाहता येते, एवढे त्यांस कळले तरी पुरे. सातवीतील एखादी मुलगी आपण होऊन तो पडदा उचलते. ज्या साधनात तो उचलताच येत नाही, ते तिला पुढच्या वर्षी अपुरे पडते.

भाषेचा प्रश्न निराळा. ठोकळ्यांवरचे शब्द मराठीत मिळतात काय, हे साधनाच्या भाषासूचीत पाहून घ्यावे. मिळत नसतील तरी घाबरण्याचे कारण नाही. ठोकळ्याचा रंग व आकार मुले दोन तासांत ओळखू लागतात, आणि भिंतीवर मराठी अर्थाचा तक्ता लावता येतो. त्याहून महत्त्वाची परीक्षा अशी : मोजकाला ‘पाणी’ असे देवनागरी नाव देऊन आज्ञावली बोर्डात भरून पाहावी. पडद्यावर नाव स्वीकारणारे एखादे साधन रूपांतराच्या वेळी अडखळू शकते, आणि मग जी सूचना येते ती इंग्रजीत येते.

या सर्व परीक्षा एका दुपारी होण्यासारख्या आहेत. पेटी विकत घेण्यापूर्वी किंवा देणगीदारास होकार कळविण्यापूर्वी शिक्षकाने शाळेतील नेहमीच्याच, जुन्या संगणकावर साधन उघडावे. देणगीदाराच्या नव्या संगणकावर नव्हे. मग इंटरनेट तोडावे आणि साधन उघडते काय ते पाहावे. एक दिवा लुकलुकविणारी आज्ञा लिहून बोर्डात भरावी व तार काढून सेलांवर बोर्ड चालवावा. येथे एक गंमत होते : मोबाइलसाठीच्या काही पॉवर बँका उनोला लागणारी वीज इतकी थोडी समजतात की काही जोडलेलेच नाही असे धरून आपोआप बंद पडतात. दोष आज्ञेत शोधण्यात तास जातो. शेवटी आज्ञावलीची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. शिक्षकांची बदली होते, संगणक बिघडतो. मुलांचे काम एका यंत्रात अडकून पडू नये. मायक्रोबिटसाठी मेककोडने तयार केलेल्या फाइलीतच मूळ ठोकळे साठविलेले असतात, त्यामुळे ती पुन्हा उघडून सुधारता येते. उनोत भरलेल्या आज्ञेतून मात्र ठोकळे परत मिळत नाहीत.

तारांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण चित्ररूप साधन वीज दाखवीत नाही. उनोची टोके ५ व्होल्टची, मायक्रोबिटची सुमारे ३ व्होल्टची. एकासाठी आणलेला संवेदक दुसऱ्यास लावण्यापूर्वी त्यावरील आकडा वाचावा. पडद्यावर मोटारीचा ठोकळा ओढून आणणे सोपे असते, पण उनोच्या एका टोकातून २० मिलिअँपिअरपेक्षा अधिक वीज घेऊ नये. मोटारीस मध्ये चालक-मंडल हवे. घरगुती २३० व्होल्टच्या पंपाला मुलांनी किंवा शिक्षकांनी बोर्ड जोडू नये. शाळेतील टाकीचा प्रयोग भोंग्यापाशीच थांबवावा. तरंगत्या खटक्याऐवजी पाण्यात दोन उघड्या तारा सोडण्याची रीत स्वस्त आहे, पण त्यांतून सतत वीज वाहू दिली तर विद्युत्-विघटनाने तारा काही आठवड्यांत झिजून काळ्या पडतात. वाचन घेण्यापुरतीच वीज द्यावी, असा एक ठोकळा आज्ञेत घातला की त्या पुष्कळ अधिक टिकतात. कुंडीतील मातीचा ओलावा मोजणाऱ्या स्वस्त पट्ट्यांनाही हेच लागू आहे.

असे काम खेड्यात होऊ शकते काय, या शंकेस महाराष्ट्रातच उत्तर आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली. शेती, पशुपालन, यंत्रकाम, वीज, घर व आरोग्य यांतील खरी कामे करीत मुलांनी शिकावे, ही त्यांची धारणा होती. २००२ साली तेथे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली; त्या संस्थेबाहेर सुरू झालेल्या अगदी आरंभीच्या अशा प्रयोगशाळांत तिची गणना होते. पाबळचा अनुभव नावड्यास जसाच्या तसा लागू होणार नाही. तेथील पाऊस थोडा, येथील फार. येथे भातखाचरे बुजून इमारती उठत आहेत. पण कामापासून साधनाकडे जाण्याचा क्रम तोच ठेवता येतो. येथील मुले पावसाळ्यात वर्गाच्या पत्र्याखाली व झाडाखाली उष्णतेतील फरक मोजू शकतील. आवारातील गटार किती वेळात तुंबते हे मोजू शकतील. कारखान्यात जाणाऱ्या पालकास शाळेत बोलावून शिडी-आकृतीची एक पायरी फळ्यावर काढावयास सांगता येईल, आणि मुलांनी तीच अट ठोकळ्यांत रचून दाखवावी. तो पालक कदाचित शाळेत प्रथमच शिक्षकाच्या जागी उभा राहील.

उन्हाळी सुटीपूर्वी सेल बोर्डातून काढून ठेवावेत. कोकणातील दमट हवेत गळलेल्या सेलाने धातूच्या पट्ट्या गंजून जातात. बोर्ड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि डब्यात एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात : कोणते साधन वापरले, त्याची कोणती आवृत्ती, आणि टाकीची आज्ञावली कोणत्या नावाने कोठे ठेवली आहे. जूनमध्ये डबा उघडणारे शिक्षक कदाचित दुसरे असतील.